पट्टा परदेशी पोचवून येण्याची रीत

अभिनंदन! तुम्ही मुष्टियुद्धात जगज्जेते झालात. जगज्जेतेपदाचा पट्टा दिवाणखान्यात लटकतोय, मॅनेजरने नवी गाडी घेतलीय, आणि आता तुमच्या मनाने घेतले आहे की हा पट्टा दुसऱ्याच्या गावी न्यावा आणि त्याच्याच माणसांसमोर त्याच्याशी लढून परत आणावा. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचेच असेल, तर निदान पद्धतशीर करावे. या विद्येत पूर्वसूरींनी फार मोलाची कामगिरी करून ठेवली आहे.

आधी मुहूर्त काढा. या बाबतीत बॅटलिंग सिकी यांना गुरू मानावे. सेनेगलमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी 1922 मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सच्या कार्पांतिएला लोळवून लाइट हेवीवेट या वजनगटाचे जगज्जेतेपद मिळवले. मग पहिला बचाव कुठे करावा? डब्लिनमध्ये. कोणाविरुद्ध? माइक मॅकटिग या आयरिश माणसाविरुद्ध. कधी? 17 मार्च 1923, म्हणजे सेंट पॅट्रिक डे, आयरिश लोकांचा सर्वांत मोठा सण. त्यात देशात यादवी युद्ध चालू. वीस फेऱ्या झाल्या, निकाल गुणांवर गेला आणि मॅकटिग जिंकला. याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडणार नाही.

तारीख ठरली की वेळेची काळजी सोडा, ती तुमच्या हातात नसतेच. सामना तुम्ही उतरता त्या देशात होतो असे वाटते, पण घड्याळ अमेरिकी टीव्हीचे असते. टोकियोत 1990 साली माइक टायसन भर दुपारी रिंगमध्ये उतरला, ब्रिस्बेनमध्ये 2017 साली पॅकियाओसुद्धा दुपारीच, आणि किन्शासात फोरमन व अली पहाटे चारला. शरीराला साधारण एक टाइम झोन पचवायला एक दिवस लागतो, हे तुमचा ट्रेनर सांगेलच. त्याला म्हणावे, विमानात झोपतो.

हवेचे मात्र मनावर घ्या, म्हणजे अजिबात घेऊ नका. एप्रिल 2001 मध्ये हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईस हासिम रहमानशी लढायला दक्षिण आफ्रिकेत ब्रॅकपनला गेला. गाव समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरच्या आसपास. रहमान जवळपास महिनाभर आधी जाऊन बसला. लुईसला लास व्हेगासमध्ये एका हॉलिवूड चित्रपटात स्वतःचीच छोटी भूमिका करायची होती, त्यामुळे तो पोचला तेव्हा सामन्याला दोन आठवडेही उरले नव्हते. उंचीवर दर श्वासात प्राणवायू कमी मिळतो. एक फेरी जोरात खेळलात तर पुढच्या एका मिनिटाच्या विश्रांतीत दम पूर्ण भरून येत नाही आणि ती तूट फेरीगणिक साचत जाते. पहिले काही दिवस झोपही धड लागत नाही. अंग सरावायला दोन-तीन आठवडे हवेत. लुईस वजनाच्या काट्यावर 115 किलो भरला, तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागला, आणि पाचव्या फेरीत रहमानच्या एका उजव्या ठोशाने पाठीवर पडला. चित्रपट मात्र छान चालला.

वजनाचा काटा हा तर प्रतिस्पर्ध्याशिवाय हरण्याचा सोपा मार्ग. हेवीवेट (ज्याला वरची मर्यादाच नसते) नसाल तर शेवटचे दोन-तीन किलो पाणी घाम काढूनच उतरवावे लागते. लांबच्या विमानप्रवासात अंगात पाणी धरते, हॉटेलचा सॉना भलत्या वेळेला बंद असतो, आणि तुम्ही घरून आणलेला काटा व अधिकृत काटा यांच्यात दोनशे-चारशे ग्रॅमचा फरक निघतो. म्हणून जाणकार आदल्या दिवशीच अधिकृत काट्यावर आपला काटा पडताळून घेतात. तुम्ही घेऊ नका. 1 मार्च 2018 च्या टोकियोतल्या सामन्यासाठी बँटमवेट विजेता लुईस नेरी असाच मोकळ्या मनाने आला. मर्यादा 53.5 किलो, काटा म्हणाला 55.8. दोन तासांची मुदत मिळाली, तेव्हा 54.8. पट्टा तिथेच, काट्यावरच गेला. दुसऱ्या दिवशी त्याने जपानी प्रतिस्पर्धी यामानाकाला दुसऱ्याच फेरीत हरवले, पण हाती काही आले नाही. उलट जपानने त्याच्यावर बेमुदत बंदी घातली.

ग्लोव्हजखाली हाताला बांधायच्या कापडी पट्ट्यांबद्दल आधी काही बोलू नये, सामना दोन-तीन दिवसांवर आला की पत्रकार परिषदेत बोलावे. जुलै 2023 मध्ये स्टीफन फुल्टन जगज्जेतेपदाचे आपले दोन पट्टे घेऊन टोकियोत नाओया इनोउएसमोर आला. इनोउए चिकटपट्टी थेट कातडीवर लावतो, आधी गॉज (जाळीदार कापड) नाही, अशी हरकत फुल्टनच्या ट्रेनरने जाहीरपणे घेतली. जपानच्या नियमांत ते बसत होते. अशा गोष्टीचा खरा बंदोबस्त करारात होतो: गॉज किती, टेप किती आणि कुठून सुरू, ग्लोव्हज कोणत्या कंपनीचे. 147 पौंडांपर्यंत ग्लोव्हज आठ औंसांचे असतात, पण आठ औंस सगळीकडे सारखे नसतात. मेक्सिकन रेयेसमध्ये मुठीवर गादी पातळ, जपानी विनिंगमध्ये जाड. शिवाय हात बांधताना समोरच्याच्या ड्रेसिंग रूममध्ये तुमचा एक माणूस उभा हवा. 2015 साली ड्युसेलडॉर्फमध्ये टायसन फ्युरी पाहुणा होता, खरे तर आव्हानवीर, पण पाहुण्याने कसे वागावे हे त्याच्या मंडळींकडून शिकावे. यजमान विजेत्या क्लिट्श्कोने यांच्या माणसाशिवाय हात बांधले तर पुन्हा सोडून बांधायला लावले. रिंगवर चालून पाहिले, कॅनव्हासखाली फोम जास्त निघाला, तर एक थर काढायला लावला. तुम्ही मात्र यजमानाचा मान राखा. पाहुण्याने गादी मऊ आहे म्हणून तक्रार करायची असते का?

आता कॉर्नरची बादली. कटमन, म्हणजे जखमा आणि सूज आवरणारा माणूस, घरीच ठेवा, तिकिटाचा खर्च वाचतो. त्याच्या पिशवीत एन्डस्वेल असतो, म्हणजे मूठ लावलेला धातूचा चपटा तुकडा. तो बर्फात गार करून सुजेवर स्थिर दाबून धरायचा असतो. चोळला की आतले रक्त पसरते आणि सूज डोळ्याकडे सरकते. जखमेसाठी 1:1000 चे ॲड्रेनालिन, कापसाच्या काड्या, व्हॅसलीन. बसण्या-उठण्यात मिनिटातली दहा-पंधरा सेकंद जातात, उरलेल्यात हे सगळे करायचे. टोकियोत प्रतिस्पर्धी बस्टर डग्लसच्या जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने) टायसनचा डोळा सुजू लागला तेव्हा त्याच्या कॉर्नरमध्ये एन्डस्वेलच नव्हता. मग रबरी हातमोज्यात बर्फाचे पाणी भरून तो डोळ्याला लावण्यात आला. जगातला सर्वांत महागडा मुष्टियोद्धा आणि उपचार आजीबाईच्या बटव्याचाही नाही! डोळा बंद होत गेला तशा त्या बाजूने येणाऱ्या ठोशांच्या वर्द्या बंद झाल्या. आठव्या फेरीत टायसनने डग्लसला पाडले खरे, पण दहाव्यात स्वतः पडला. मग आठव्या फेरीत पडलेल्या डग्लससाठीची दहापर्यंतची मोजणी लांबली होती अशी तक्रार झाली, पट्टे देणाऱ्या दोन संघटनांनी निकाल दोन-तीन दिवस लटकवला आणि शेवटी मुकाट मान्य केला. मोजणी घड्याळाची नव्हे, रेफ्रीची चालते, हे नियमात छापलेलेच असते.

जजांबद्दल फार काय सांगायचे? ब्रिस्बेनमध्ये पन्नास हजारांवर प्रेक्षक जेफ हॉर्नच्या प्रत्येक हालचालीला ओरडत होते. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या हिशोबात पॅकियाओचे 182 ठोसे बसले, हॉर्नचे 92. तिन्ही जजांनी हॉर्नला जिंकवले, एकाने तर 117-111 गुणांनी. पट्टा देणाऱ्या डब्ल्यूबीओ या संघटनेने फेरतपासणीही केली, निकाल तोच राहिला.

प्रतिस्पर्धी ऐनवेळी बदलला तर आनंदोत्सव करा. जून 1986 मध्ये बॅरी मॅकग्विगनला लास व्हेगासच्या उघड्या रिंगमध्ये, चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात, बदली आलेला टेक्सासचा स्टीव्ह क्रूझ मिळाला. पंधराव्या फेरीत मॅकग्विगन दोनदा पडला, पट्टा गेला, आणि तो थेट इस्पितळात. 2019 मध्ये न्यूयॉर्कला अँथनी जोशुआसमोर बदली म्हणून गुबगुबीत अँडी रुईझ आला. जोशुआने त्याला तिसऱ्या फेरीत पाडले आणि मग स्वतः चार वेळा पडला. रुईझनेही परंपरा मोडली नाही: पहिलाच बचाव सौदीत दिरियाला, सात किलो वाढवून.

हरलात तर त्याच्याशी पुन्हा लढायला मिळेल, असे कलम करारात असू द्या. लेनॉक्स लुईसला ते कोर्टात जाऊन वसूल करावे लागले, पण सात महिन्यांत रहमानला त्याने चौथ्या फेरीत झोपवले.

राहता राहिले पैसे. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या मानधनातून 30 टक्के कर आधीच कापला जातो, पट्टा देणाऱ्या संघटनेची फी साधारण 3 टक्के, वर मॅनेजर आणि ट्रेनर. करमाफीचे तोंडी आश्वासन मिळाले तर लगेच विश्वास ठेवा. मार्च 1974 मध्ये काराकासला फोरमनने नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत संपवले. करमाफीचा शब्द मात्र सरकारने फिरवला आणि हमीची रक्कम भरेपर्यंत विजेत्याला आणि पराभूताला, दोघांनाही, देश सोडू दिला नाही.