केक कापून माणसं थांबत नाहीत

‘पगार दुय्यम, खरी प्रेरणा कौतुकातून’ या विधानाला तुमच्या लेखात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा आधार दिलाय, तो अर्धवट आहे. १९५९ साली त्यांनी कामातल्या प्रेरणेची मांडणी केली ती पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखतींवरून. म्हणजे बऱ्यापैकी स्थिरावलेली मंडळी. शिवाय पगार कमी पडला की माणूस धुसफुसतो, हे त्यांनीच सांगितलंय की! ते सोयीस्करपणे गाळलंत.

चाकणला मी लाइन सुपरवायझर आहे. एकाच लाइनवर कायम आणि कंत्राटी पोरं शेजारी उभी, काम तेच, कंत्राटींच्या हातात पडणारा पैसा मात्र बराच कमी. त्या कंत्राटींपैकी कुणाला ‘महिन्याचा उत्तम कामगार’ म्हणून सर्टिफिकेट द्या, हसून घेतो आणि बाजूच्या कंपनीत थोडे जास्त मिळाले की जातो. त्याचं काय चुकलं? कौतुक अगदीच फुकट जातं असंही नाही म्हणा. एका कंत्राटी पोरानं फिक्स्चरमध्ये (काम करताना भाग पकडून ठेवणारं साधन) सुचवलेला बदल आम्ही त्याच्या नावानिशी बोर्डावर लावला, तेव्हापासून रोज काहीतरी नवं डोक्यात घेऊन यायचा. कंत्राट संपलं, तोही गेला. त्याला कायम करा म्हणून मी वर सांगून पाहिलं. वरून केक आला.