दुकानातर्फे उत्तर: 9 इंचांचा नियम आणि आमची नोंदवही

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की ट्रेकसाठी 4 इंचांचा घडीचा चाकू घेतलात तेव्हा आम्ही "कमरेला लावून फिरू नका" असं सांगितलं, खटक्याचा (बटण दाबताच पातं उघडणारा) चाकू मागितलात तर ठेवतच नाही म्हणालो आणि आपल्या मित्राकडे कोयत्यासाठी आधार कार्ड मागितलं. 9 इंचांखालच्या पात्याला कायदा लागत नाही, दुकानदार उगाच घाबरवतो, असं आपलं म्हणणं. हाच समज घेऊन बरीच मंडळी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

9 इंचांचा आकडा खरा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रात धरलाय. घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. पण हा झाला परवान्याचा प्रश्न. रस्त्यावर काय बाळगायचं नाही, ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खालच्या आदेशांवर ठरतं. सण, निवडणुका, मोर्चे तोंडावर आले की शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. त्यात चाकू, काठ्या, लाठ्या सगळं येतं. पातं किती इंची हे कुणी विचारत नाही. आदेश मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात असे आदेश वरचेवर निघतात.

आपण दिल्लीमार्गे हिमाचलला निघालात असं बोलता बोलता म्हणालात. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेनुसार खटक्याच्या चाकूचं पातं 7.62 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम 3 इंच लांब आणि 1.72 सेंटीमीटर रुंद असलं तरी तो विनापरवाना बनवणं, विकणं किंवा विक्रीसाठी बाळगणं गुन्हा आहे. म्हणजे खटक्याच्या चाकूला तिथे 9 इंचांचा हिशेब चालत नाही.

आता कोयता. ते शेतीचं अवजार, त्याला परवाना नको. पण पुण्यात कोयते नाचवून दहशत माजवण्याचे प्रकार झाले, तेव्हा पोलिसांनीच विक्रेत्यांना गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला सांगितलं. आम्ही धारेला पुठ्ठा लावतो, वर कागद गुंडाळून सुतळीने बांधतो आणि बिलावर "नारळ सोलण्यासाठी", "ऊसतोडीसाठी" असं कारण लिहून देतो. शहाळंवाले, ऊसतोड मजूर हे बिल जपून ठेवतात. ज्याचं पोट कोयत्यावर आहे, त्याला नाक्यावर अडवलं तर दाखवायला कागद हवाच. कोवळी पोरं रात्री दुचाकीवरून येऊन कोयता मागतात, त्यांना आम्ही देत नाही. धंदा गेला तरी चालेल.

आपला चाकू घडी करून सॅकच्या तळाशी ठेवा, बिल सोबत असू द्या. विमानाने जाणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये नेता येत नाही. धारेबद्दल काही तक्रार असेल तर परत आल्यावर दुकानात या, लावून देऊ. आधारची नोंद मात्र यापुढेही घेणार.