ताई, ते मक्याचं पोतं उघडू नकोस

काल घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला: ‘बर्फात उपाशी हरणांना मका घाला. मक्याने ऊब येते. हरणं गुण्यागोविंदाने वाटून खातात, पाडसांना आधी खाऊ देतात. अमेरिकेत सरकारही घालतं.’ एरवी सोडून दिलं असतं. पण अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहणाऱ्या ताईने खाली मक्याच्या पोत्याचा फोटो टाकला, म्हणून लिहितोय.

वाटून खातात? तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांपुढे ढीग घाला आणि बघा. थोराड जनावर कान मागे पाडून रोखून बघतं. समोरचं हललं नाही, की पुढच्या खुराचा फटका. तरीही हटलं नाही, तर दोघं मागच्या पायांवर उभी राहून एकमेकांना खुरांनी बडवतात. माद्यासुद्धा. पाडसांची पाळी शेवटी, तीही काही उरलं तर. तोवर ती बर्फ तुडवत येतात, हाकलली जातात, पुन्हा येतात, आणि हिवाळा काढायला अंगावर साठवलेली चरबी त्या हेलपाट्यांत जाळतात. ज्या पाडसासाठी ताईचा जीव तुटतोय, त्याच्याच वाट्याला हे येतं.

हिवाळ्यात हरणं एकत्र येतात एवढं खरं. सूचिपर्णी झाडांखाली बर्फ कमी साठतो, वारा लागत नाही, सगळ्यांच्या चालण्याने वाटा मळतात. पण तिथलं खाणं म्हणजे विखुरलेल्या डहाळ्या आणि कळ्या. त्यावर कोण पहारा करणार? ढिगावर करता येतो.

आता मका. खळ्यावर धान्याच्या राशीत तोंड घालून बैल दगावल्याची गोष्ट आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळते. हे तेच आहे. हरीणही रवंथ करणारं. हिवाळ्यात त्याच्या कोठीपोटातले जंतू काड्या पचवायला सरावलेले असतात. नव्या खाण्याला जुळवून घ्यायला त्यांना काही आठवडे लागतात. एकदम मका पडला की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी जनावर मरतं. ताई, तुझ्याच राज्यात, साउथ हॅम्प्टनला, 2015 मध्ये 12 हरणं मेलेली सापडली होती. कारण माणसांनी घातलेलं खाणं. तिथला वन्यजीव विभागच सांगतो, हरणांना खायला घालू नका.

सरकार घालतं हे अर्धं खरं. वायोमिंग राज्यात 1912 पासून एल्कचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणांचं, अभयारण्य आहे आणि तिथे हिवाळी चारा घालत आले आहेत, कारण त्यांची हिवाळी कुरणं वस्ती आणि गुरांच्या रँचांखाली गेली. पण वायोमिंगच्या चाऱ्यावरच्या कळपांत ब्रुसेलोसिस, म्हणजे आपल्याकडच्या गाईम्हशींचा सांसर्गिक गर्भपात, जास्त आढळतो. शिवाय एकाच ढिगात तोंडं घातली की लाळेतून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग पसरू शकतो. त्यावर औषध नाही.

पोतं दुकानात परत दे. आणि मागच्या अंगणातली हेमलॉकची सूचिपर्णी झाडं उन्हासाठी काढायचं म्हणत होतीस ना? ती राहू दे. हरणांना आडोसा तिथेच मिळतो.