पाण्याच्या नमुन्याला ‘कोणतीही बाटली’ चालत नाही

पाणी तपासणीबद्दलचा तो लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते, पण माझ्या मावसबहिणीने तो खरा मानला आणि एका ओढ्याचं पाणी तपासायची सगळी तयारी त्यावरून केली, तेव्हा राहवलं नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: घरातली कोणतीही बाटली साबणाने धुवा, तपासायच्याच पाण्याने तीनदा विसळा, जिथे फेस आणि तवंग दिसतो तिथून काठावरूनच भरा, पाणी नासत नाही, सवडीने लॅबला द्या. हातमोजे, लॅबच्या बाटल्या, ‘ब्लँक’ (बाहेरून काही मिसळलं का ते कळण्यासाठी भरलेली शुद्ध पाण्याची बाटली) हे सगळे पैसे उकळायचे प्रकार. आणि वर हे: “बाहेरचं काही मिसळलंच तर प्रदूषण जास्त दिसेल, कमी नाही. मग घाबरायचं कशाला?”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त नुकसान ते करतं.

एक तर ते खोटं आहे. चुकीने घेतलेला नमुना प्रदूषण लपवूही शकतो. पाण्यात विरघळलेले धातू आम्ल न घातल्यास बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि मोजणीत येतच नाहीत. बेंझिनसारखी उडून जाणारी द्रव्यं, बाटलीत हवेची पोकळी राहिली की पाणी सोडून त्या हवेत जातात. झाकण उघडलं की गेली. क्लोरीन घातलेलं पाणी असेल आणि बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट नसेल, तर लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन जिवाणूंना मारत राहतं आणि अहवाल येतो की पाणी उत्तम आहे. त्या अहवालावर विसंबून लोक ते पाणी पितात.

आणि आकडा खरोखर फुगला तरी त्याने काही साधत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने फक्त एवढंच विचारायचं: बाटली कोणाची, धुतली कशाने, ब्लँक कुठे आहे? उत्तर नसेल तर फुगलेल्या आकड्याबरोबर खरं प्रदूषणही बाद होतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण शिशाचं आहे. उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं आहे हे १९५६ साली मांडणारे क्लेअर पॅटरसन पुढे समुद्राच्या पाण्यातलं शिसं मोजायला लागले. अडचण अशी की जहाज, तार, नमुना घ्यायचं भांडं, प्रयोगशाळेतली धूळ, सगळीकडूनच शिसं नमुन्यात उतरत होतं. ते बाहेर ठेवण्याच्या पद्धती घडवण्यात त्यांची अनेक वर्षं गेली. १९८१ साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत ईशान्य पॅसिफिकचे आकडे प्रसिद्ध केले. वरच्या थरात किलोभर पाण्यात साधारण ५ ते १५ नॅनोग्रॅम, अगदी खोल पाण्यात सुमारे १ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. शिसं वरून, हवेतून समुद्रात पडतंय, आणि ते माणसाच्या उद्योगांतून आणि शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून आलेलं आहे, याचा पुरावा वरच्या-खालच्या पाण्यातल्या या फरकातच होता. आधीच्या मळक्या नमुन्यांत सगळीकडेच इतकं शिसं दिसायचं की हा फरक बुजून जायचा. म्हणजे नमुन्यात मिसळलेल्या जास्तीच्या शिशाने प्रदूषण उघडं पडलं नाही, ते झाकलं गेलं. “जास्त दिसेल, चांगलंच” म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या नद्यांच्या राष्ट्रीय निरीक्षणातले विरघळलेल्या धातूंचे आकडे भरवशाचे नाहीत, हे हर्बर्ट विंडम आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिलं. त्यांनी काही नद्या स्वच्छ पद्धतीने पुन्हा मोजल्या, तर धातू कितीतरी कमी निघाले.

आता बाटली. कोला पेयांत फॉस्फरिक आम्ल असतं. ती बाटली नीट धुतली गेली नाही तर त्यातल्या पाण्यात फॉस्फेट सापडणारच, आणि त्याचं खापर नदीवर फुटणार. काही साबण-पावडरींतही फॉस्फेट असतं. पण मुख्य मुद्दा धुण्याचा नाहीच. सगळ्या तपासण्यांना चालेल अशी बाटलीच नसते. धातूंसाठी आम्लाने धुतलेलं प्लॅस्टिक, जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, तेल-ग्रीससाठी काच, अनेक कीटकनाशकांसाठी गडद रंगाची काच. अतिसूक्ष्म पाऱ्यासाठी टेफ्लॉनसारखं फ्लोरोपॉलिमर वापरतात, तर पीएफएएस या फ्लोरीनयुक्त रसायनांच्या तपासणीत तेच टाळायचं असतं. एकीला योग्य ती दुसरीला घातक.

तीनदा विसळण्याचा सल्ला अर्धा खरा आहे, हे मान्य करायलाच हवं. क्षार, कठीणपणा, क्लोराइड यांसाठी साधी रिकामी बाटली त्याच पाण्याने विसळतात. पण लॅबने आत आम्ल किंवा थायोसल्फेट घालून दिलं असेल तर विसळताना तेच ओतून देणार का? निर्जंतुक बाटलीही विसळायची नाही. तेलाची तर अजिबात नाही, कारण विसळताना तेल काचेला धरतं आणि नमुन्यात भर पडते.

फेसाचं एका परिच्छेदात संपवते. फेस आणि तवंग हा पाण्याचा एक थर आहे, सगळं पाणी नाही. तो हवा असेल तर वेगळ्या बाटलीत घ्या आणि तसं लिहा. एरवी प्रवाह येतो त्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, गाळ ढवळायचा नाही, बाटलीचं तोंडही त्याच बाजूला धरून पृष्ठभागाखाली वीतभर खोल भरायची. एखाद्या नाल्यावर संशय असेल तर त्याच्या वरच्या अंगाचा नमुना हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

“पाणी नासत नाही” हेही चूक. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याच्या मापाचा) नमुना थंड ठेवूनही ४८ तासांत तपासणीला लागावा लागतो, नदीच्या पाण्यातल्या जिवाणूंना तर काही तासांचीच मुदत. तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचे. ऑक्सिजन लॅबमध्ये काढायचा तर तो तिथेच रसायन घालून बांधून घ्यायचा. नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणलेला धातूंचा नमुना मात्र महिनोन्महिने टिकतो, म्हणून मुदत लॅबला विचारूनच ठरवावी.

राहिले मोजे आणि ब्लँक. साध्या क्षारांच्या तपासणीला एवढा बंदोबस्त लागत नाही, हे खरं. पण सूक्ष्म धातूंसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १९९६ ची १६६९ क्रमांकाची पद्धत दोन माणसं लागतील असं सांगते: एकाचे हात फक्त नमुन्याच्या बाटलीला आणि आतल्या पिशवीला लागतात, बाकी सगळं दुसरा हाताळतो. दातात पाऱ्याचं मिश्रण भरलेलं असेल तर त्या माणसाचा श्वासही नमुन्यात पारा घालू शकतो, इतका बारकावा त्यात आहे. ब्लँक म्हणजे लॅबने दिलेलं अतिशुद्ध पाणी, जे तुम्ही त्याच जागी, त्याच हवेत, त्याच हातांनी बाटलीत भरून परत देता. त्यात शिसं निघालं तर ते नदीचं नाही, आपण घातलेलं आहे. हे सांगणारी दुसरी कुठलीही सोय नमुना घेणाऱ्याकडे नसते, आणि मेसेज नेमकी तीच काढून टाकायला सांगतो.

तेव्हा बाटली शोधण्याआधी लॅबला फोन करा. काय तपासायचंय ते सांगा, बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या, एका ब्लँकसाठी आणि एका जोड नमुन्यासाठी (त्याच जागी, त्याच वेळी घ्यायचा दुसरा नमुना) बाटल्या मागा. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव तिथेच लिहा, आणि लॅबच्या हातात देताना पोच घ्या.