सोवळ्यातलं राजकारण

अमेरिकेत राजकारण करायचं मनात असेल तर निवडणुकीच्या भानगडीत पडू नका. दर दोन नाहीतर सहा वर्षांनी दारोदार हिंडायचं, जत्रेत कणीस खाताना फोटो काढून घ्यायचे, देणग्यांसाठी तासन् तास फोन लावायचे, आणि एवढं करूनही लोक घरी बसवतात ते बसवतातच. त्यापेक्षा काळा झगा शिवून घ्या. सुप्रीम कोर्टात एकदा बसलात की वर्तणूक चांगली असेतोवर खुर्ची तुमची, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. निवृत्तीचं वय नाही. वर्तणुकीची धास्ती बाळगू नका. आजवर तिथल्या एकाच न्यायमूर्तीवर महाभियोग आला, सॅम्युएल चेस यांच्यावर, १८०४ साली. पुढच्या वर्षी तेही सुटले.

पथ्य एकच. आपण करतो ते राजकारण आहे, हे मरेपर्यंत कबूल करायचं नाही.

आमची आजी सोवळ्यात असली की कुणाला शिवायची नाही. पण कुठल्या सुनेला दिवाळीत माहेर मिळणार आणि कुठल्या जावयाच्या पानात श्रीखंड दुसऱ्यांदा पडणार, हे त्या ओलेत्या लुगड्यातच ठरायचं. तिला कुणी काही विचारलं तर म्हणायची, ‘मला बाई यातलं काही कळत नाही, मी आपली देवाचं करते.’ वॉशिंग्टनच्या त्या नऊ जणांना टीव्हीवर पाहिलं की मला ती आठवते. टीव्हीवर म्हणजे फोटोत. कोर्ट भरलेलं असताना आत कॅमेरा चालत नाही. सोवळंच ते.

हे सोवळं पहिल्यांदा नीट नेसलं जॉन मार्शल यांनी, तेव्हा अभ्यासाला त्यांच्यापासून बसा. १८०० ची निवडणूक राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हरले. नवे राष्ट्राध्यक्ष जेफरसन मार्चमध्ये येणार. मधल्या काळात ॲडम्सनी जाता जाता आपली माणसं न्यायाधीश म्हणून चिकटवायचा सपाटा लावला. त्यांतल्या नेमणुकांच्या कागदांवर सरकारी शिक्का मारायचं काम परराष्ट्रमंत्र्याचं, आणि परराष्ट्रमंत्री होते मार्शल. जानेवारीत त्यांना सरन्यायाधीशही करून झालं होतं, पण मंत्रिपद सोडायची घाई कुणाला? महिनाभर दोन्ही पदं एकाच अंगावर.

शेवटच्या रात्रीपर्यंत शिक्के मारणं चाललं. कागद वाटायला मार्शल यांचा सख्खा भाऊ जेम्स निघाला. पुढे त्याने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की सगळे एकदम नेणं सोयीचं होईना, म्हणून काही परत ठेवले. अमेरिकन घटनाशास्त्राचा पाया काय, असं परीक्षेत विचारलं तर खुशाल लिहा: हातात न मावलेले कागद. जेफरसन आले, त्यांनी राहिलेले कागद पाहिले आणि वाटू नका म्हणाले. विल्यम मारबरी नावाच्या गृहस्थांची वॉशिंग्टनमधली छोटी न्यायदंडाधिकाऱ्याची जागा अशी लटकली. ते कोर्टात गेले. कोर्टात समोर कोण? ज्यांनी शिक्का मारला, ज्यांच्या भावाने कागद मागे ठेवला, तेच मार्शल.

तुम्ही-आम्ही असतो तर म्हटलं असतं, बाबा रे, हा खटला माझ्यापुढे नको. म्हणून तर तुम्ही-आम्ही मार्शल झालो नाही. २४ फेब्रुवारी १८०३ ला त्यांनी निकाल दिला. मारबरींचा त्या कागदावर हक्क आहे. तो न देणं बेकायदा आहे. पण तो देववायचा अधिकार या कोर्टाला नाही, कारण तो अधिकार देणारं कलमच घटनाबाह्य आहे, आणि कलम घटनाबाह्य आहे की नाही हे ठरवायचं कुणी, तर आम्ही. जेफरसनना चिडायला जागा उरली नाही, कारण त्यांना काहीच करायला सांगितलं नव्हतं. दहा रुपये सोडून तिजोरी घेऊन जाणं म्हणजे काय, ते इथे शिकावं. संसदेचा कायदा रद्द करायचा कोर्टाचा अधिकार तिथे या वाटेने आला, आणि त्या देशात ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना कोर्टाच्या निःस्पृहतेचा पहिला धडा म्हणून शिकवतात.

आता तुमच्या नेमणुकीकडे वळू. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार, सिनेट सुनावणी घेणार. तिथे सगळ्यात मोठा धोका म्हणजे प्रश्नाला उत्तर देणं. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांनी ती चूक केली. माणूस विद्वान, विचारलं की सांगायचे. हेच बोर्क १९७३ सालीही उपयोगी पडले होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपलीच चौकशी करणाऱ्या वकिलाला काढा म्हटल्यावर ॲटर्नी जनरलनी राजीनामा दिला, त्यांच्या खालच्यानेही नकार दिला, आणि तिसऱ्या नंबरच्या बोर्कनी ते काम केलं. १९८७ च्या सुनावणीनंतर मात्र सिनेटने त्यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी परत पाठवलं. वर त्यांच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. एखाद्याला ठरवून आडवं पाडणं म्हणजे त्याला ‘बोर्क’ करणं.

ते पाहून पुढचे शहाणे झाले. १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सांगून टाकलं की मी सूचक काही बोलणार नाही, अंदाज देणार नाही, झलकही दाखवणार नाही. ९६ विरुद्ध ३. २००५ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी आलेले जॉन रॉबर्ट्स म्हणाले, न्यायाधीश हा पंचासारखा. चेंडू कसा पडला एवढंच सांगायचं, खेळायचं नाही. बेसबॉल कळत नसेल तर वानखेडेवरचा पंच डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की या पंचाला, ज्या संघाची बॅटिंग चालू आहे त्याने नेमलेलं असतं, आणि तेही तहहयात. (त्या कोर्टाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, न्यायदालनाच्या बरोबर डोक्यावर, खरोखरीचं बास्केटबॉल कोर्ट आहे. तिथल्या खेळाला मात्र कुणी कायदा म्हणत नाही.)

सराव करायचाच तर एमी कोनी बॅरेट यांच्या वहीचा करा. ऑक्टोबर २०२०, सुनावणीचा दुसरा दिवस. सिनेटरांच्या पुढ्यात फायलींचे, पुस्तकांचे ढीग. एका सिनेटरने विचारलं, तुमच्यासमोर टिपणं कुठली आहेत, जरा दाखवता का? बाईंनी हसून लिहायचा पॅड उचलून धरला. कोरा. त्यावर काही आहे का? आहे ना, वर सिनेटचं नाव छापलंय. सगळे कौतुकाने हसले. तो पॅड माझ्या मते त्यांच्या राज्यघटनेला परिशिष्ट म्हणून जोडायला हवा.

पण बॅरेटबाई तिथवर पोचल्या कशा, हे नीट समजून घ्या, कारण कायद्यात सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक पंचांग आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. निवडणुकीला जवळजवळ नऊ महिने होते. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, निवडणुकीच्या वर्षात न्यायाधीश? छे! आधी जनतेला कौल देऊ दे. गार्लंड २९३ दिवस बोहल्यावर उभे राहिले, सुनावणीसुद्धा झाली नाही. लिंडसे ग्रॅहम हे सिनेटर तर म्हणाले की उद्या आमचा राष्ट्राध्यक्ष असताना असंच घडलं तर माझेच शब्द माझ्या तोंडावर फेका. १८ सप्टेंबर २०२० ला गिन्सबर्ग गेल्या. निवडणूक दीड महिन्यावर. लोकांनी ग्रॅहम यांचे शब्द भक्तिभावाने त्यांच्या तोंडावर फेकले. ते तोंड पुसून बॅरेट यांच्या सुनावणीच्या अध्यक्षपदी बसले. २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक पक्की. कोट्यवधी लोकांची मतं तोवर टाकूनही झाली होती. आणि तत्त्वाचं काय झालं? काही नाही, शाबूत आहे. त्याची बारीक अक्षरं तेवढी वाचून दाखवली गेली: राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे असतील तर मुहूर्त चांगला.

डेमोक्रॅटांनी यावर फार गळा काढला, तो तुम्ही मनावर घेऊ नका. निवडणुकीच्या मोसमात नेमणूक नको, हे १९९२ मध्ये सिनेटच्या सभागृहात उभं राहून सांगितलं होतं जो बायडन यांनी. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते. २०१६ मध्ये बायडन ओबामांचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि जागा तातडीने भरायलाच हवी, असं त्यांचं मत होतं. तत्त्व ही वस्तू तिथे भाड्याने मिळते. दोन्ही पक्ष एकाच दुकानातून आणतात आणि आलटून पालटून परत करतात. (आपल्याकडे कसं आहे, असं विचारू नका. लेखाचा विषय अमेरिका आहे.)

एखादा खटला मनासारखा लागत नसेल तर न्यायाधीशांची संख्या बदलता येते, हेही टिपून ठेवा. ‘नऊ’ घटनेत कुठेच नाही. यादवी युद्धात दहा होते. मग अँड्र्यू जॉन्सन या नावडत्या राष्ट्राध्यक्षाला कुणाला नेमता येऊ नये म्हणून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८६६ मध्ये ते सातवर आणायचं ठरवलं. जॉन्सन गेल्यावर १८६९ मध्ये परत नऊ. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांना एकाएकी वृद्धांचा कळवळा आला. सत्तरी उलटलेल्या दर न्यायमूर्तीमागे मदतीला एक तरुण न्यायमूर्ती देतो म्हणाले, जास्तीत जास्त सहा. त्या म्हाताऱ्यांनी त्यांचे कायदे एकामागून एक रद्द केले होते, हा योगायोग. ही सेवा त्यांच्याच पक्षाच्या सिनेटने नाकारली, पण त्याच वर्षी कोर्टाला त्यांचे कायदे अचानक घटनेत बसताना दिसू लागले.

सुप्रीम कोर्ट लांब वाटत असेल तर राज्यांत उमेदवारी करा. बऱ्याच राज्यांत न्यायाधीश चक्क निवडणूक लढवतात. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी नावाच्या मोठ्या कोळसा कंपनीला ज्यूरीने एका छोट्या खाणमालकाला ५ कोटी डॉलर द्यायला लावले. अपील राज्याच्या वरच्या कोर्टात जाणार होतं. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी वकिलांवर आणखी पैसे घालवण्याऐवजी शहाणपणाचं काम केलं. २००४ च्या निवडणुकीत ३० लाख डॉलर ओतून त्याच कोर्टातला न्यायाधीश पाडला, आणि ब्रेंट बेंजामिन निवडून आले. अपील आलं. बेंजामिन यांना म्हटलं, बाजूला व्हा. ते म्हणाले, का बरं? निकाल ३ विरुद्ध २, कंपनीच्या बाजूने. त्या बहुमतातल्या दुसऱ्या एका न्यायमूर्तींचे ब्लँकेनशिप यांच्याबरोबर फ्रान्सच्या समुद्रकिनारी सुट्टी घालवतानाचे फोटो नंतर बाहेर आले, तेव्हा ते बिचारे लाजून बाजूला झाले. बेंजामिन बसून राहिले. २००९ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की हे जरा जास्तच झालं. त्या चार जणांत आपले पंच रॉबर्ट्स होते; असा नियम केला तर पुढे काय काय अडचणी येतील, याचे त्यांनी मोजून चाळीस प्रश्न काढले. खटला परत गेला, बेंजामिन यांच्याशिवाय चालला, आणि पुन्हा कंपनीच जिंकली. तेव्हा ३० लाख वाया गेले असं म्हणायला हरकत नाही.

विस्कॉन्सिनात २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेवर दोन्हीकडून मिळून १० कोटी डॉलरच्या वर उधळले गेले. इलॉन मस्क चीजच्या तुकड्याच्या आकाराची टोपी घालून ग्रीन बे गावात आले आणि व्यासपीठावर दोन मतदारांना दहा-दहा लाखांचे चेक दिले. त्यांचा उमेदवार पडला. या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. न्यायाधीशाची जागा, पक्ष कशाला मध्ये आणायचा?

मतदारसंघ आखायचं काम आलं तर लाजू नका. नॉर्थ कॅरोलिनात २०१६ मध्ये डेव्हिड लुईस या आमदाराने समितीत सरळ सांगितलं की नकाशा रिपब्लिकनांना १० आणि डेमोक्रॅटांना ३ जागा मिळतील असा काढू, कारण ११ आणि २ असा काढणं शक्य दिसत नाही. तीन वर्षांनी रॉबर्ट्स यांनी लिहिलं की हे अन्याय्य वाटतं खरं, पण प्रश्न राजकीय आहे, आम्ही त्यात पडत नाही. मेरीलँडच्या डेमोक्रॅटांची तसलीच कारागिरी त्याच निकालात तरली. मग २०२५ मध्ये टेक्सासने रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवायला नकाशा फिरवला आणि कॅलिफोर्नियाने उत्तर म्हणून आपला फिरवला, लोकांचा कौल घेऊन, लोकशाहीच्या रक्षणार्थ.

आणि कोर्टात जाण्याआधी कोर्ट निवडा. पक्ष बघून डॉक्टर निवडत नाहीत, न्यायाधीश निवडतात. बायडन यांचा हुकूम अडवायचा तर रिपब्लिकन टेक्सासमधल्या अमारिलो गावी जात. तिथे एकच न्यायाधीश, म्हणजे चिठ्ठी टाकायचीही दगदग नाही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हुकूम काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बापाकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल, तर मूल जन्माने अमेरिकन होणार नाही. न्यू जर्सीतल्या किती मराठी घरांत त्या आठवड्यात डोहाळजेवणाच्या याद्या बाजूला ठेवून बाळंतपणाच्या तारखा मोजल्या गेल्या असतील! दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीने इतर राज्यांना घेऊन दावा लावला. कुठे? न्यू जर्सीत नाही, बॉस्टनला. एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर स्थगिती द्यावी का, यावर तोवर सगळ्यांनी बाजू बदलून घेतल्या होत्या. अमारिलोला जाणाऱ्यांना ती आता घटनेवरचा घाला वाटू लागली होती.

एवढं सगळं जमलं, की एक दिवस तुम्ही त्या संगमरवरी इमारतीत जेवायला बसाल. न्यायमूर्तींचं जेवणघर वेगळं आहे. खटल्यांविषयी तिथे बोलायचं नाही, असा दंडक आहे. नातवंडं, पुस्तकं, खेळ, यावर बोलतात. भिंतीवर मारबरींचं तैलचित्र लावलंय. कागद त्यांना कधीच मिळाला नाही.