खरी कमाल पंपाची आहे
चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या इंजिनांवरचा लेख मस्तच, पण सगळा भर थ्रस्टवर (म्हणजे रॉकेटला वर ढकलणाऱ्या जोरावर) दिलाय, एका एफ-१ इंजिनाचा जवळपास ६८० टन, आणि खाली अशी ५ इंजिनं. मला विचाराल तर खरं डोकं चक्रावतं ते टर्बोपंपाने. फक्त इंधन आणि ऑक्सिजन आत ढकलायला साधारण ५५,००० हॉर्सपॉवरचा पंप, आणि एकेक इंजिन सेकंदाला अडीच टनाच्या वर माल पिणार! त्यात गंमत बघा, एकाच शाफ्टवर एका टोकाला उणे १८३ डिग्रीचा लिक्विड ऑक्सिजन आणि दुसऱ्या टोकाला गरम गॅसवर फिरणारी टर्बाईन, तरी ते तडकत नाही म्हणजे बनवणाऱ्यांना सलामच.

आणि ज्वाला अस्थिर व्हायची ते लेखात यायलाच हवं होतं राव. सुरुवातीला इंधन जळतं त्या चेंबरमध्ये दाबाच्या लाटा उसळून इंजिनं टेस्ट स्टँडवरच फुटायची, गणितं करून नीट उत्तर मिळेना, मग इंजिनियर लोकांनी काय केलं तर चालू इंजिनात मुद्दाम छोटा बॉम्ब फोडायचा आणि बघायचं की आग आपोआप शांत होते का 😄 इंजेक्टर प्लेटवर (भोकांतून इंधन आणि ऑक्सिजन चेंबरमध्ये फवारणारी चकती) तांब्याचे आडवेउभे अडसर टाकून, भोकांचे कोन बदलून बदलून शेवटी ती सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आवरायला लागली.

उड्डाणाचे जुने व्हिडिओ स्लो करून बघा, नॉझलच्या (आग बाहेर पडते त्या घंटेसारख्या तोंडाच्या) खाली आधी काळपट पट्टा दिसतो आणि मग आग. तो टर्बाईनचा त्यामानाने थंड धूर, नॉझलची खालची भिंत वितळू नये म्हणून आतून पसरवलेला.