बोल्टाचं दर्शन

गाडी सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग, आरसा आणि शेजारी बसलेली बायको असे तिघंही थरथरायला लागले, तेव्हाच इंजिनाचं माउंटिंग गेल्याचं कळलं. इंजिन आणि गाडीच्या सांगाड्यामध्ये जो रबराचा गट्टू असतो, तो फाटला होता. काम किरकोळ. खालून जॅक लावून इंजिनाचा भार घ्यायचा, बोल्ट सोडवायचे, गट्टू बदलायचा. पण रत्नागिरीत, ऐन गणपतीत, मेकॅनिक गॅरेजला कुलूप लावून गावाला गेल्यावर कुठलंही काम किरकोळ राहत नाही.

जॅक थेट ऑइलच्या चेंबरला टेकवला तर पत्रा चेपतो, मध्ये लाकूड लागतं. मी पाटाकडे नुसतं पाहिलं तर आई म्हणाली, "त्याला हात लावशील तर बघ!" शेवटी मोदकांना पोळपाट लागत नाही, या एका मुद्द्यावर पोळपाट मिळाला.

बाकीचे बोल्ट निमूट निघाले. शेवटच्याला चौदाचा पाना लावला आणि 'टक्' झालं. बोल्टाचं डोकं माझ्या हातात, धड ब्रॅकेटमध्ये. खाऱ्या हवेत पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसला, की आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते आणि तो तिथलाच होऊन जातो. बाहेर उरला होता जेमतेम २ मिलिमीटर. पकड लावावी तर घसरायची.

घरात गणपती म्हणजे माणसांची रीघ. येणारा प्रत्येक जण आधी अंगणात उघड्या बॉनेटपाशी थांबायचा, वाकून आत बघायचा, 'च्च' करायचा आणि मग आत जाऊन बाप्पाला हात जोडायचा. माझ्याकडे होते काही पाने (दहाचा सोडून; दहाचा पाना कुणाच्याच घरी सापडत नाही), हातोडी, छिन्नी आणि भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल. सल्ले मात्र भरपूर. शेजारच्या काकांचा रॉकेलवर विश्वास. मेहुण्याच्या मते ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल समसमान मिसळायचं. ॲसिटोनसाठी बायकोची नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली पळवली, तर तिच्यावर ठळक अक्षरांत 'ॲसिटोनविरहित'.

बँकेतून निवृत्त झालेले एक आप्पा म्हणाले, "मधोमध भोक पाड, इझी-आउट घाल." इझी-आउट म्हणजे उलट्या आट्यांची खुंटी. भोकात घालून उलटी फिरवली की बोल्टाला धरून बाहेर येते. येते किंवा आत मोडते. आणि ती इतकी कडक असते, की मोडल्यावर साधं ड्रिल तिच्यावर नुसतं घसरतं. शिवाय माझी बिटं विटांची, आणि इंजिन व बाजूच्या पत्र्यात जागा वीतभर. ड्रिल आत गेलंच असतं तर वाकडं गेलं असतं. मग मी छिन्नीने तुकड्याची कड उलट दिशेला ठोकत बसलो. तुकडा लखलखीत झाला, हलला नाही.

संध्याकाळी आरतीला खिडक्यांचे ग्रिल करणारा एक पोरगा आला. त्याने वाकून पाहिलं आणि काहीच सल्ला दिला नाही. तिथेच माझी आशा पालवली.

"काका, जुना नट आहे का एखादा? आणि बॅटरीच्या वायरी काढून ठेवा."

मशीन आणून त्याने तो नट तुकड्यावर धरला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग मारलं. मी ओलं पोतं घेऊन उभा. बाकीचे टाळ घेऊन. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे ब्रॅकेटचे आटे शाबूत राहिले, आणि त्या धगीने आतला गंज सुटला. निवल्यावर त्याने नटाला पाना लावला. बोल्ट कुरकुरला आणि निघाला. पोराने पैसे घेतले नाहीत, मोदक मात्र घेतले, मोजून नव्हे.

दुसऱ्या दिवशी बाजारात एकच हार्डवेअरचं दुकान उघडं होतं. "याच आट्याचा बोल्ट द्या," म्हणत मी दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. दुकानदाराने चष्मा लावला, तुकडे एकमेकांना जुळवून उजेडात धरले आणि गंभीरपणे म्हणाला, "हा तर तुटलाय हो!"